डेकवरच्या डोलकाठीची बैठक खचली आहे: दुरुस्ती कशी, आणि खाली नाणं कोणतं?

खाडीपल्याड (नेरुळ):

नमस्कार मंडळी. बोट २३ फुटी, फायबरग्लासची. डोलकाठी (मास्ट) ॲल्युमिनियमची आणि डेकवर टेकणारी, म्हणजे कीलपर्यंत, बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत, जात नाही. खाली केबिनमध्ये आधाराला सागवानी खांब आहे. पावसाळ्यासाठी मास्ट उतरवला असून बोट बेलापूरला ट्रेलरवर, ताडपत्रीखाली आहे. मास्ट निघाल्यावर दिसलेल्या गोष्टी:

डेकवर आडवी दोरी ताणून धरली की बैठकीच्या मध्याशी ६ मिमी फट पडते. बोल्टांभोवती जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) केसासारख्या चिरा आहेत. चारपैकी एका बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपतं. मास्टच्या बुडाशी पांढरी भुकटी धरली आहे आणि एका कोपऱ्यात धातूचे पापुद्रे नखाने सुटतात. सरत्या हंगामात शराउड, म्हणजे मास्टला बाजूंनी धरणाऱ्या तारा, सारखे ढिले पडत होते, केबिनचं पुढचं दार चौकटीत घासत होतं.

डेकचा गाभा, म्हणजे फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड, कुजला आहे की खालचा खांब बसला आहे, हे कापाकापी न करता कसं ओळखायचं? दुरुस्तीला काय सामान आणि किती लागेल? आणि घरच्यांची इच्छा आहे की मास्ट उभा करताना पूजा व्हावी आणि बुडाशी घरातली जुनी तांब्याची शिवराई ठेवावी. ती कुठे आणि कशी ठेवू?

लॅमिनेट_तुर्भे:

तुमच्या लक्षणांवरून दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या झाल्या असाव्यात, पण आधी खांब तपासा, कारण ते फुकटात होतं. केबिनची फळी काढून खांबाचा खालचा टोक उघडा करा. सागवान वरून खणखणीत दिसतं आणि बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळात साचणाऱ्या, पाण्यात बसलेलं शेवटचं बोटभर लाकूड आतून मऊ झालेलं असतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रेषांच्या दिशेने दाबा. २-३ मिमीपेक्षा जास्त रुतलं तर ते लाकूड गेलं. मग खांबाच्या वरच्या टोकाशी कागद सरकवून पाहा. मास्ट उतरवलेला असताना वर थोडी फट दिसली तर खांब आखूड झालाय किंवा त्याखालचा पाया बसलाय.

आता डेक. प्लॅस्टिकच्या मुठीने बैठकीपासून बाहेर ठोकत जा. चांगला भाग टणक, चढा आवाज देतो, सुटलेला किंवा ओला भाग बद्द वाजतो. त्याची हद्द पेन्सिलीने आखा. मग केबिनच्या छतातून, म्हणजे खालून, ३ मिमी ड्रिलने भोकं पाडा. ड्रिलला पट्टी गुंडाळून खोली बांधून घ्या, वरचा थर फुटता कामा नये. निघणारा भुसा कोरडा, फिकट असेल तर तिथे थांबा. काळपट आणि बोटांनी दाबल्यावर ओलसर असेल तर अजून ५० मिमी बाहेर दुसरं भोक. झिरपणारं तपकिरी पाणी म्हणजे लाकडाचा रस मिसळलेलं पाणी, त्यामुळे निदान एका बोल्टभोवती तरी गाभा गेलाच आहे.

हा भाग का कुजतो तेही लक्षात घ्या. २३ फुटी बोटीवर साधारण ४ मिमीची १×१९ (एकोणीस सरळ धाग्यांची) तार असते, तिची तुटण्याची ताकद १,७०० ते १,८०० किलोच्या आसपास. मुख्य शराउड तिच्या १५ टक्क्यांवर ताणले तर एकेक तार अडीचशे किलोच्या वर खेचते. सगळ्या तारा मिळून वारा नसतानाच हजार किलोच्या वर भार तळहाताएवढ्या जागेवर उतरतो. तो भार बोल्टभोवतीचं सीलंट किंचित चिरडतो, पाणी केशवाटेने आत जातं आणि गाभा कुजला की भार अजूनच बसतो. नुसतं सीलंट बदलून हे थांबत नाही.

लॅमिनेट_तुर्भे:

दुरुस्ती. वरून करा, खालून नाही. खालून गुरुत्वाकर्षणाशी भांडावं लागतं आणि डोक्यावर ओला कापड चिकटवताना हमखास हवा अडकते.

मऊ भाग ३०० × ३०० मिमीचा धरू, गाभा १६ मिमीचा. वरची कातडी मल्टिकटरने चौकोनी कापून उचला, कोपरे गोल ठेवा. ओला गाभा छिन्नीने काढा, खालची कातडी शाबूत ठेवा. मग वाळवा. बल्ब लावून घाई करू नका. आतली कातडी उकरून, पुसून, तीन-चार कोरडे दिवस वारा लागू द्या.

भरायला नवीन लाकूड घालू नका. दुकानदार '७१०' मरीन प्लाय देईल. तो आयएस ७१० चा असला, गोंद पाण्याला टिकत असला, तरी लाकूड ते लाकूडच, पाणी अडकलं की कुजणार. एपॉक्सी-ग्लासची शीट, ज्याला इन्सुलेशनचं सामान विकणारे एफआर-४ किंवा जी-१० म्हणतात, ती १२ मिमीची घ्या. ३०० × ३०० चा तुकडा सुमारे २ किलोचा होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले पॅनेल बनवणारे ती वापरतात, कापलेले तुकडे मागितले तर मिळतात. दोन्ही बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, नाहीतर चिकट धरत नाही.

खाली-वर २ मिमीचा एपॉक्सीचा थर लागतो, कोलॉइडल सिलिका (बारीक, हलकी पूड) घालून तुपासारखा घट्ट केलेला. शीटच्या कडा आणि जुना गाभा यांच्यातही तोच भरा. या बैठकीसाठी साधारण अर्धा लिटर मिश्रण जाईल. वरच्या कातडीला कडेने १२ पट उतार द्या: कातडी ४ मिमी असेल तर ५० मिमी रुंद. मग ४५० ग्रॅम बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांच्या) काच-कापडाचे आठ थर, सर्वांत लहान आधी किंवा सर्वांत मोठा आधी यावर लोक भांडतात. उतार नीट असेल तर दोन्ही चालतं, मी मोठा आधी घालतो, कारण तो सगळ्या उतारावर एकसंध बसतो. कापड साधारण अर्धा किलो, त्याला एपॉक्सी तितकंच किंवा किंचित जास्त. एकूण दीड किलो एपॉक्सी हाताशी असू द्या. चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुकडे केलेल्या काचधाग्यांची चटई) वापरू नका, तिचा बाइंडर पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही, आणि मॅट ताठच राहते.

हवामान ही इथली खरी अडचण आहे. ३३-३५ अंशाला स्लो किंवा ट्रॉपिकल हार्डनर घ्या. एका वेळी २०० ग्रॅमच मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. मगात ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने धूर निघायला लागतो. कापड दुपार कलताना, तापमान उतरत असताना बसवा. सकाळी लावलं तर ऊन चढत जातं, गाभ्याच्या फटींतली हवा फुगते आणि थरांत बुडबुडे चढतात. आणि पावसाळ्यात, हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमट असताना, कामच करू नका: पृष्ठभागावर मेणचट थर बसतो. बसलाच तर साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन पुसून मगच घासा. आधी घासलात तर तो थर पेपरमध्ये अडकतो आणि आत दाबला जातो.

वागळे_फिटर (ठाणे):

बैठकीच्या प्लेटचं आणि बोल्टचं थोडं माझ्याकडून. भोकं ८ मिमी बोल्टसाठी ८ ची पाडू नका. १२-१३ ची पाडा, घट्ट एपॉक्सीने भरा, पक्कं झालं की मध्यभागी ८ ची. आता बोल्टभोवती पाणी गळलं तरी गाभ्याला पोहोचणार नाही. वरच्या तोंडाला काउंटरसिंकने हलकी कड मारा, म्हणजे सीलंटची अंगठी बनते आणि आवळताना सगळं पिळून बाहेर जात नाही. सीलंट ब्यूटाइल किंवा पॉलिसल्फाइड. सिलिकॉन नको, पुन्हा रंग-गोंद काही चिकटत नाही. पॉलियुरेथेनचा कायमचा गोंदही नको. पुढच्या वेळी प्लेट उचलताना नवा डेक उपटून येईल.

बोल्ट ३१६ स्टीलचे असतील आणि प्लेट ॲल्युमिनियमची, तर मध्ये इन्सुलेशन हवंच. सिंथेटिक टेफ-जेल किंवा बेरियम क्रोमेटची पेस्ट मिळाली तर उत्तम, नाहीतर लॅनोलिन (लोकरीच्या मेणाचं) ग्रीस. ग्राफाइट ग्रीस अजिबात नको, ग्राफाइट ॲल्युमिनियमपेक्षा खूप वरच्या बाजूचं आहे, गंज वाढवतं. खाली मोठे, निदान ४० मिमी वॉशर किंवा एकच बॅकिंग प्लेट.

मास्टचं बूड आधी धुऊन घ्या, पांढऱ्या भुकटीखालचे खड्डे खरडून मोजा. भिंत २.५ मिमीची असेल आणि खड्डा १ मिमीच्या पुढे गेला असेल तर खालची १५-२० मिमी कापून टाकायचीच. काटकोनात कापा. मग फिटरलोक करतात तसं बुडाला ब्लू (डाग उमटवणारा निळा रंग) लावा, प्लेटवर टेकवा आणि उचलून डाग बघा. सगळ्या कडेला डाग आला तरच भार नीट उतरतोय. एकाच कोपऱ्यावर आला तर फाइलिंग अजून हवं. कापलेली उंची प्लेटखाली तितक्याच जाडीची जी-१० ठेवून भरून काढा, नाहीतर तारा टर्नबकलच्या (तार आवळायच्या स्क्रूच्या) मर्यादेबाहेर ढिल्या राहतील. आणि पाण्याची वाट: मास्टच्या आतून पाणी उतरतं, ते बाहेर पडायला प्लेटवर मागच्या बाजूला ८-१० मिमीचा खालचा खाचा हवा. तो मळाने तुंबतो, दरवर्षी तारेने साफ करा.

जुनं_नाणं (ठाणे पूर्व):

शिवराईबद्दल. भावना समजते, पण मास्टच्या बुडाखाली तांबं ठेवू नका. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियमच आधी झिजतं, आणि खाडीचं पाणी तर मचूळ असूनही पुरेसं वाहक आहे. तांब्यावरून ओघळलेलं पाणी नुसतं ॲल्युमिनियमवर पडलं तरी खड्डे पाडतं. तुमच्या बुडाशी आधीच पापुद्रे सुटले आहेत.

परंपरा मात्र जुनी आणि खरी आहे. लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ थेम्सच्या गाळात १९६२ मध्ये एक रोमन जहाज सापडलं. त्याच्या डोलकाठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनचं, इ.स. ८८-८९ मधलं काशाचं नाणं होतं. ठेवलं तेव्हाच झिजलेलं होतं, आणि भाग्यदेवता फॉर्च्युना असलेली बाजू वर, डोलकाठीकडे तोंड करून. म्हणजे कुणीतरी बाजू निवडून ठेवलं होतं. ते का ठेवत, याचं 'परलोकी नावाड्याची मजुरी' हे उत्तर लोकप्रिय आहे. आपल्याकडे घराच्या पायाभरणीत पंचरत्न ठेवतात, तीच भावना मला त्यात दिसते: ज्या जागेवर सगळा भार येणार तिथे मोलाची वस्तू.

आता कोणतं नाणं. जुनं तांबं, कासं, पितळ: नको. सध्याचं १० रुपयांचं नाणं दोन धातूंचं आहे, बाहेर ॲल्युमिनियम-ब्राँझ, आत तांबं-निकेलचा मिश्रधातू, म्हणजे दोन्हीत तांबंच जास्त. नको. स्टीलचं १-२ रुपयांचं नाणं तांब्याइतकं वाईट नाही, पण ओल्यात ॲल्युमिनियमला डागतंच. सर्वांत योग्य आपली जुनी ॲल्युमिनियमची नाणी: चौकोनी ५ पैसे, पाकळ्यांच्या कडेचं १० पैसे, षटकोनी २० पैसे. मास्टही ॲल्युमिनियमचा, नाणंही ॲल्युमिनियमचं, भांडण कमी. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, पण घरच्या डब्यांत आणि ठाण्याच्या बाजारात जुन्या नाण्यांच्या दुकानांत सहज मिळतात. बोट ज्या वर्षी तयार झाली त्या वर्षाचं मिळालं तर घ्या.

शिवराई केबिनमध्ये कोरड्या जागी, खांबाच्या वरच्या अंगाला छोट्या लाकडी खणात ठेवा. तीही बोटीच्या पोटातच, डोलकाठीच्या रेषेतच राहील.

लॅमिनेट_तुर्भे:

थोडा मतभेद. शिवराई जी-१० च्या बैठकीत, चारही बाजूंनी निदान ३ मिमी एपॉक्सीत बंद केली तर ती ना पाण्याला लागते ना धातूला, गंजाचा प्रश्नच उरत नाही. फक्त बोल्टच्या भोकांपासून ती ४० मिमी दूर ठेवा आणि जागा कागदावर आखून ठेवा, नाहीतर कुणी पुढे ड्रिल मारून तिलाच भोक पाडेल. खड्डा शीटच्या खालच्या बाजूला, मास्टच्या भिंतीखाली नाही, मध्यावर. नाणं पुसून ॲसिटोनने डिग्रीज करा, नाहीतर एपॉक्सी सुटतो.

जुनं_नाणं:

कबूल, विज्ञान बरोबर. पण एकदा एपॉक्सीत गेलेली पिढ्यांची शिवराई बाहेर काढायची तर बैठकच कापावी लागेल. बोट विकायची वेळ आली तर ती घरी येणार नाही. म्हणून मी खण सुचवला.

एक गोष्ट दोन्हींत सारखीच: नाणं मास्टच्या बुडाच्या कडेखाली शिमसारखं (फट भरायच्या पातळ चकतीसारखं) टेकवू नका. सारा भार २६ मिमीच्या चकतीवर येतो, प्लेट डागते, मास्ट झुकतो.

खाडीपल्याड (नेरुळ):

खूप उपकार. खांब तपासला, खालचं ३५ मिमी लाकूड रुततंय. म्हणजे दोन्ही कामं निघाली. नाण्यापुरतं ठरलं: २० पैसे मास्टखाली, शिवराई खणात.

अजून दोन प्रश्न. खांब बदलताना डेक वर कसं उचलायचं? आणि वाशीच्या पुलांपलीकडे ऐरोलीच्या बाजूला जायचं असल्यामुळे मास्ट अधूनमधून पाडावा लागतो, म्हणून हिंजवाली बैठक घ्यायची आहे. ती चालेल का?

वागळे_फिटर (ठाणे):

डेक उचलायला बाटली-जॅक, खाली कीलवर आणि वर छताला जाड फळ्या. घाई नको: २ मिमी वर, मग काही तास थांबा, पुन्हा २ मिमी. एकदम उचलाल तर खालची कातडीच फाटेल. दोरी सरळ झाली की आणखी १ मिमी वर घ्या, जॅक काढल्यावर तेवढं बसतं. नवा खांब खाली बिल्जच्या पाण्यात ठेवू नका. त्याच्या खाली १०-१५ मिमीचा जी-१० किंवा घट्ट एपॉक्सीचा ठोकळा घाला आणि लाकडाची तळची कापलेली बाजू एपॉक्सीने दोन-तीनदा पाजून घ्या. रेषांच्या टोकातून पाणी सर्वांत जास्त शोषलं जातं. खांब डेक दुरुस्त करण्याआधी बसवा, म्हणजे नवा थर योग्य उंचीवर कडक होईल.

हिंज चालतो, पण विकत घेताना एक गोष्ट नक्की बघा: उभ्या मास्टचा भार पिनेवर येता कामा नये. पिनेचं भोक उभट, लांबट हवं, म्हणजे मास्ट सरळ झाल्यावर बूड प्लेटवर पूर्ण टेकतं आणि पीन मोकळी राहते. गोल भोकाच्या हिंजात हजार किलो एका ८-१० मिमी पिनेवर येतात, ती वाकते आणि काळाने मास्टच्या भिंतीत भोक लांबतं.

चेंदणीकर_शीड:

उभारणीच्या वेळच्या गोष्टी मी सांगतो. मास्टच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी काठी जिन-पोल (मास्ट उचलायची आधारकाठी) म्हणून मास्टच्या बुडाशी काटकोनात उभी करा, तिच्या टोकातून मेन-शीटचा (मुख्य शिडाच्या दोरीचा) कप्पी-संच नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे. मागची तार आणि वरचे शराउड आधीच जोडून ठेवा. मास्ट बाजूला झुकू न देणाऱ्या दोऱ्यांचे खालचे सांधे हिंजच्या पिनेच्या रेषेत असलेच पाहिजेत. पुढे-मागे असतील तर मास्ट अर्ध्यात असताना एक बाजू ढिली पडते आणि तो आडवा कोसळतो. मास्टच्या सावलीत कुणी उभं राहायचं नाही.

पाण्यावर करणार असाल तर भरतीच्या स्थिर पाण्यावर, बोट सरळ तरंगत असताना. आपल्या खाडीत अमावास्या-पौर्णिमेला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीला बोट चिखलावर एका कुशीला पडते. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी वारा शांत असतो, दुपारी समुद्राकडून सुटतो, तेव्हा सकाळ धरा. आणि वर बघा: खाडी ओलांडणाऱ्या उच्च दाबाच्या तारा आहेत. ॲल्युमिनियमचा मास्ट त्यांच्या जवळ नेणं म्हणजे जीव घालवणं. पूल आणि तारा यांची उंची जलनकाशातून भरतीच्या पाण्यावर मोजून घ्या.

तार ताणायचा सोपा हिशेब: २ मीटरची पट्टी वरच्या टोकाला तारेला टेपने बांधा, खालचं टोक टर्नबकलच्या वरच्या टर्मिनलला नुसतं टेकलेलं. तार हाताने आवळलेली असताना फट शून्य. आवळत गेलात की फट पडते: १ मिमी म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या ५ टक्के. ३ मिमी झाली की १५ टक्के, इथे थांबा. हे १×१९ तारेलाच लागू आहे, ७×१९ तारेला नाही. दोन्ही बाजू एकेक फेरा आलटून-पालटून. नवी बैठक किंचित बसते, म्हणून पहिल्या दोन सफरींनंतर पुन्हा मोजा.

पूजेबद्दल. नारळ, हळद-कुंकू, हार, उदबत्ती एवढं पुरतं. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतात त्याच पद्धतीने नाळेशी करा. फक्त नव्या डेकसाठी चार काळज्या. हळद पांढऱ्या जेलकोटच्या खरबरीत भागात कायमची बसते, म्हणून ती विड्याच्या पानावर ठेवा, बोटाने थेट लावू नका. नारळ डेकवर फोडू नका, तडा पडतो, काठावरच्या दगडावर फोडून पाणी खाडीत सोडा. तांब्याचा कलश बैठकीच्या प्लेटवर टेकवू नका, आणि आंब्याचं तोरण बांधायचं तर सुती दोऱ्याने मास्टला, खिळा-स्क्रू कुठे नको. नाणं आधी पूजेत ठेवून मग बसवायचं ही घरच्यांची रीत असेल तर कुंकू-हळद पुसून, साध्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवा. कुंकवाखाली ओल राहते.

खाडीपल्याड (नेरुळ):

नाणं कोणती बाजू वर ठेवू? आणि लॅनोलिन नाण्याला लावू का?

जुनं_नाणं (ठाणे पूर्व):

अशोकस्तंभाची बाजू वर ठेवा, रोमन नाण्याच्या रीतीने मास्टकडे तोंड करून. नाणं २० पैशांचं आहे, म्हणजे २६ मिमी रुंद. प्लेटच्या मध्यभागी, भिंतीच्या आत, २८ मिमीचा आणि नाण्याच्या जाडीपेक्षा १ मिमी खोल खळगा करून त्यात घट्ट एपॉक्सीवर बसवा, वरून पुन्हा एपॉक्सीचा पातळ थर. मग लॅनोलिन नाण्याला नको, प्लेटच्या उरलेल्या भागाला लावा. पाणी निघण्याचा खाचा त्या खळग्यावरून जाणार नाही हे आधी मोजून घ्या.